खोटा शिक्षक ओळखायचा कसा, आणि घरचे माणूस त्याच्या मागे गेले असेल तर काय करायचे

प्रश्न कोपरखैरण्याच्या एका तरुणाचा आहे. त्याची आई आठ महिन्यांपासून घणसोलीतल्या एका गाळ्यात भरणाऱ्या प्रार्थनासभेला जाते. ‘तुला चंगाई मिळाली आहे’, म्हणजे देवाने तुझा आजार बरा केला आहे, असे तिथल्या पास्टरांनी सांगितल्यावर तिने रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या थांबवल्या. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, देतेच, वर २१,००० रुपये ‘बीज’ म्हणून दिले. मुलाने विचारणा केली तर उत्तर आले, ‘अभिषिक्ताला (देवाने निवडलेल्या सेवकाला) हात लावू नका.’ हा माणूस खोटा शिक्षक आहे का, आणि आईला तिथून कसे बाहेर काढायचे, असे त्याने विचारले आहे.

आधी गोळ्यांचे बघा, बाकी सगळे नंतर. उच्च रक्तदाब बहुतेक वेळा जाणवत नाही. गोळ्या सुटल्यावरही माणसाला बरेच वाटत राहते आणि तेवढ्यावर ‘मी बरी झाले’ अशी साक्ष दिली जाते. पक्षाघाताचा धोका मात्र वाढत असतो. आईशी विश्वासावर वाद घालू नका. ‘प्रार्थना चालू ठेव, फक्त रक्तदाब मोजून घेऊ’ एवढेच म्हणा. साखर तपासताना केवळ एचबीए१सी करून थांबू नका. ती तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे नुकत्याच सोडलेल्या गोळ्यांचा परिणाम तिच्यात लपू शकतो. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही बघा. मधे खंड पडला असेल तर जुना डोस आपल्या मनाने सुरू न करता डॉक्टरांना विचारून करा. इन्सुलिन, फिट्सची औषधे, क्षयरोगाचा कोर्स आणि मानसिक आजाराच्या गोळ्या यांच्याबाबतीत तर एक दिवसही वाट पाहू नये. फिट्सचे औषध एकदम बंद केले तर न थांबणारे झटके येऊ शकतात. क्षयरोगाचा कोर्स अर्धवट सोडला तर पुढे नेहमीची औषधे लागू पडेनाशी होतात.

यात विश्वासाची कमतरता कुठेच नाही. पौलाने तीमथ्याला पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले (१ तीमथ्य ५:२३). त्रफिमाला तो मिलेत येथे आजारी सोडून पुढे गेला (२ तीमथ्य ४:२०). त्याच्या सोबतचा लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४). ज्या प्रेषिताच्या हातून लोक बरे झाले, त्यालाही आपल्या सोबत्यांबद्दल असे लिहावे लागले. ‘गोळी घेतलीस म्हणजे तुझा विश्वास नाही’ असे म्हणणाऱ्याने ही तीन वचने लोकांसमोर वाचून दाखवावीत.

आता तुमचा मुख्य प्रश्न. चुकीचे शिकवणारा प्रत्येक जण खोटा शिक्षक नसतो, आणि घाईने तसा शिक्का मारणे हेही पाप आहे. अपुल्लोस मोठा वक्ता होता, शास्त्रात निपुण होता, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला आणि त्याने ते ऐकले (प्रेषितांची कृत्ये १८:२४-२६). दियत्रेफेस मात्र अग्रेसर होण्याची हाव धरून बसला होता. तो प्रेषित योहानालाही मानत नव्हता आणि त्याला न जुमानणाऱ्यांना मंडळीबाहेर काढत होता (३ योहान ९-१०). या दोघांची तुलना केली की मला सर्वांत भरवशाची वाटणारी कसोटी हाती येते: दुरुस्ती केल्यावर, हिशोब मागितल्यावर, वचन उघडून ‘हे इथे कुठे लिहिले आहे’ असे विचारल्यावर तो माणूस काय करतो? वक्तृत्व, गर्दी, अश्रू, चमत्कार यांवरून काहीच ठरत नाही. चिन्ह खरे ठरले तरी देवापासून दूर नेणाऱ्याचे ऐकू नका, असे बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (१३:१-३) सांगितले आहे.

गाळ्यात सभा भरते, पास्टरांकडे धर्मशास्त्राची पदवी नाही, टाळ्या-ढोलकी जोरात असते, अन्य भाषांत प्रार्थना होते, यांतल्या कशावरूनही माणूस खोटा ठरत नाही. पहिल्या शतकातल्या मंडळ्या घरांतच भरत (रोम १६:५, फिलेमोन २). नगर, जालना, सोलापूरकडून नोकरीसाठी नवी मुंबईत आलेल्या कितीतरी मराठी ख्रिस्ती कुटुंबांना जवळ मराठी उपासना नसताना अशाच छोट्या गृहमंडळ्यांनी सांभाळले आहे. कॅथोलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातले, किंवा बाप्तिस्म्याच्या पद्धतीबद्दलचे मतभेदही या चर्चेत आणू नका. इथे प्रश्न येशूबद्दल काय शिकवले जाते आणि त्याच्या नावाने माणसांशी कसे वागले जाते, याचा आहे.

‘अभिषिक्ताला हात लावू नका’ हे वचन स्तोत्र १०५:१५ चे आहे. आईसोबत बसून १२ व्या ओवीपासून वाचा. तिथे अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक आणि याकोब. संख्येने थोडे, परक्या देशात भटकणारे, आणि देव राजांना बजावतो आहे की त्यांना इजा करू नका. दुबळ्यांच्या रक्षणासाठीचे ते वचन आहे, पुढाऱ्याला प्रश्नांपासून वाचवण्यासाठीचे नाही. दावीदाने शौलाला मारले नाही हे खरे, पण सैन्यादेखत त्याची चूक त्याला सुनावली (१ शमुवेल २४). नाथानाने दावीदाला तोंडावर ‘तो माणूस तूच’ म्हटले. पौलाने पेत्राला सर्वांसमोर दोष दिला (गलती २:११-१४). आणि १ योहान २:२०, २७ प्रमाणे अभिषेक सगळ्या विश्वासणाऱ्यांना आहे, म्हणजे तुमच्या आईलाही.

वचन पारखण्याची रीत साधी आहे. उपदेशात जे वचन वापरले ते लिहून घ्या. घरी त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या निदान दहा ओव्या वाचा. कोण बोलतो, कोणाशी, कोणत्या प्रसंगी, हे वहीत एका वाक्यात मांडा. शक्य असेल तर दोन मराठी भाषांतरे शेजारी ठेवा. मग बघा की उपदेशातला अर्थ तिथे बसतो का. बिरुयातल्या लोकांनी पौलाच्या बोलण्याचीही रोज अशी तपासणी केली आणि त्यांची त्यासाठी स्तुती झाली (प्रेषितांची कृत्ये १७:११). उदाहरणार्थ, ३ योहान २ मधून ‘प्रत्येक विश्वासणारा श्रीमंत आणि निरोगी असलाच पाहिजे’ असे शिकवले जाते. उघडून पाहिले तर ती गायस नावाच्या एका मित्राला लिहिलेल्या पत्राची सुरुवातीची शुभेच्छा आहे. तिच्यात सगळ्या काळासाठी दिलेले वचन नाही. वचन पाठ म्हणता येणे हीसुद्धा कसोटी नव्हे. मंदिराच्या शिखरावर सैतानाने येशूला स्तोत्र ९१ च ऐकवले होते.

शिकवणुकीच्या गाभ्यासाठी दोन प्रश्न पुरतात. येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे, असे तिथे स्पष्ट शिकवतात का? आणि तारणासाठी त्याच्या क्रूसावरच्या कामात आणखी कोणाची भर लागते का, म्हणजे या काळाचा खास संदेष्टा, एक विशिष्ट गट, एखाद्या पुढाऱ्याचे नवे पुस्तक? पहिल्या प्रश्नावर नायसिया येथे ३२५ साली मंडळीने एकत्र बसून उत्तर दिले, तो विश्वासांगीकार ३८१ साली वाढवलेल्या रूपात आजही कॅथोलिक आणि जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत म्हटला जातो. दुसऱ्यावर गलती १:८ पुरेसे आहे: स्वर्गातून दूत आला आणि त्याने वेगळी सुवार्ता सांगितली तरी ती नाकारायची. जिथे अभ्यासवर्ग महिनोन्महिने चालतो पण तो कोणत्या संस्थेचा हे सांगत नाहीत, ‘घरी सध्या बोलू नका, त्यांना कळणार नाही’ म्हणतात, तिथून लगेच उठून यावे. येशूने महायाजकाला सांगितले होते की मी उघडपणे बोललो, गुप्तपणे काही बोललो नाही (योहान १८:२०).

पैशाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त घरे इथे बुडतात. ‘बीज पेरा, शंभरपट मिळेल’ हा उपदेश बहुधा मलाखी ३:१० वर उभा असतो. तो दशांश मंदिराच्या कोठारात धान्याच्या रूपाने जायचा. नियमशास्त्राप्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवून लेवी (मंदिरसेवेचे कुळ), परका, अनाथ आणि विधवा यांना पोटभर खाऊ घालायचा असे (अनुवाद १४:२८-२९). ज्या वचनातून विधवेला मिळायला हवे, त्याच वचनाच्या जोरावर विधवेकडून काढून घेतले जाते, ही चीड आणणारी गोष्ट आहे. नव्या करारात दानाचे माप म्हणजे ज्याने-त्याने मनात ठरवल्याप्रमाणे, जबरदस्तीने नव्हे (२ करिंथ ९:७). ठरावीक रकमा, ‘आज रात्री बारापर्यंत’ अशी मुदत, रकमेनुसार वेगळी प्रार्थना, अभिषेकाच्या तेलाच्या बाटलीची किंमत: यांतले काहीही दिसले की पाकीट खिशातच राहू द्या. पैशाने देवाचे दान विकत घेऊ पाहणाऱ्या शिमोनाला पेत्राने काय म्हटले ते प्रेषितांची कृत्ये ८:२० मध्ये आहे. विकणाऱ्यालाही तेच लागू पडते.

पौल स्वतः यरुशलेमेसाठी वर्गणी नेत होता तेव्हा त्याने तीताबरोबर आणखी दोघांना जोडून दिले. त्यांतल्या एकाला मंडळ्यांनी निवडले होते. कारणही त्याने लिहून ठेवले: एवढ्या मोठ्या रकमेबाबत आमच्यावर कोणी दोष ठेवू नये (२ करिंथ ८:१८-२२). याला आजचे रूप असे. दानार्पण उपासनेनंतर लगेच, नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावे आणि वहीत आकडा लिहून दोघांनी सही करावी. ऑनलाइन देताना क्यूआर स्कॅन केल्यावर पडद्यावर कोणाचे नाव येते ते वाचा. मंडळीचे किंवा ट्रस्टचे नाव न येता पास्टरांचे, त्यांच्या पत्नीचे किंवा मेव्हण्याचे येत असेल तर पैसे न पाठवता विचारा. ट्रस्ट असल्याचे सांगत असतील तर नोंदणी क्रमांक मागा. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो. त्याला ३१ मार्चला हिशोब बंद करून दरवर्षी लेखापरीक्षण करावे लागते, आणि विश्वस्तांची नावे नोंदीत असतात. विश्वस्त सगळे एकाच घरचे आहेत का, हे त्यावरून कळते. छोट्या गृहमंडळीची नोंदणी नसणे हा लगेच दोष मानू नका, आणि नोंदणी आहे म्हणून शिकवण शुद्ध आहे असेही समजू नका. मागितल्यावर मागच्या वर्षीचा जमाखर्च दाखवतात की रागावतात, एवढे बघा.

हे सगळे नवे नाही. पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या ‘दिदाखे’ या छोट्या पुस्तिकेत फिरत्या संदेष्ट्यांसाठी नेमके नियम आहेत. पाहुणा म्हणून एक दिवस, गरज असेल तर दुसराही राहावा; तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा. आत्म्यात असल्याचे दाखवून ‘मला पैसे द्या’ म्हणाला तर ऐकू नका, पण दुसऱ्या गरजूंसाठी मागितले तर त्याला दोष देऊ नका. आत्म्याच्या नावाने जेवणाचे ताट मांडायला लावून स्वतःच जेवला तर तोही खोटा. साध्या प्रवाशाला कायमचे राहायचे असेल तर त्याने काम करून खावे. इतक्या जुन्या मंडळीलाही हे लिहून ठेवावे लागले होते.

भविष्यवाणी आणि चंगाई यांची पारख वहीने करा. सभेत ‘कोपरखैरण्याची एक बहीण, गुडघ्याचे दुखणे’ असे म्हटले आणि समोर तीनशे माणसे असली तर उठणारी कोणीतरी असतेच. त्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा दारात प्रार्थनेची चिठ्ठी भरून घेतली होती का, हेही आठवा. १९८६ मध्ये अमेरिकेत पीटर पॉपॉफ या उपदेशकाचे बिंग जादूगार जेम्स रँडी यांनी असेच फोडले. लोकांनी भरलेल्या कार्डांवरची माहिती पॉपॉफची पत्नी रेडिओवरून त्याच्या कानातल्या यंत्रात सांगत होती, आणि लोकांना ते ज्ञान देवाकडून आल्यासारखे वाटत होते. म्हणून भविष्यवाणी झाली की त्याच दिवशी तारीख घालून शब्दशः लिहा. सहा महिन्यांनी उघडा. ‘लवकरच मोठा बदल’ हे कधीही खोटे ठरत नाही, त्यामुळे ते मोजूच नका. नाव, दिवस, गोष्ट सांगितली असेल आणि ती घडली नसेल, तर अनुवाद १८:२२ वाचा. संदेष्ट्याचे बोलणे बाकीच्यांनी पारखावे असे १ करिंथ १४:२९ सांगते, त्यामुळे वही ठेवणे हा अविश्वास नाही. जगाच्या अंताची तारीख सांगणाऱ्यासाठी तर वहीचीही गरज नाही. तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही असे येशूने सांगितले (मार्क १३:३२). तरी विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ आणि हॅरॉल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११ ठरवली. दोन्ही दिवस आले आणि गेले.

चंगाईची साक्ष असेल तर येशूचीच पद्धत वापरा. दहा कुष्ठरोग्यांना त्याने याजकांकडे जाऊन दाखवायला सांगितले (लूक १७:१४), म्हणजे त्या काळी ज्यांना तपासण्याचा अधिकार होता त्यांच्याकडे. आज ते काम डॉक्टर करतात. आधीचा रिपोर्ट, नंतरचा रिपोर्ट, आणि काही महिन्यांनी पुन्हा एक. गर्दीत, संगीतात, उत्साहाच्या भरात दुखणे तासभर कमी वाटते, ते खोटेपणाने नव्हे. शरीर तसे वागते. बरे करणारा देव रक्त तपासणीला घाबरत नाही.

लहान मुले आणि बायकांच्या बाबतीत माझे मत कडक आहे. बंद खोलीत एकट्या स्त्रीचे समुपदेशन, ‘भुते काढताना’ अंगाला हात लावणे किंवा मारहाण, मुलांना एकटे ठेवून घेणे, यांतले काहीही घडले तर मंडळीच्या कमिटीकडे जाऊन वेळ घालवू नका. पोलीस ठाण्यात जा. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असून ती न कळवणे हाही २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे.

लग्न कोणाशी, नोकरी कुठे, भावाशी बोलायचे की नाही, हे पास्टर ठरवू लागले की विषय उपदेशापुरता राहत नाही. १ पेत्र ५:३ पाळकांना धनीपणा करू नका म्हणते. नातलगांपासून तोडणे, कबुलीत सांगितलेली गोष्ट पुढे धाक म्हणून वापरणे, आणि ‘इथून गेलास तर शाप लागेल’ ही धमकी, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर वाट पाहू नका. गयानातील जोन्सटाउनमध्ये १८ नोव्हेंबर १९७८ रोजी नऊशेहून अधिक माणसे मेली. त्यांच्या पंथाचा पुढारी जिम जोन्स त्यांना आधीच घरदार आणि देश सोडून जंगलात घेऊन गेला होता, परत फिरायची वाटच उरली नव्हती.

आता आई. ‘तो भोंदू आहे’ या वाक्याने सुरुवात करू नका. ते वाक्य तिला ‘तू मूर्ख आहेस’ असे ऐकू येते, आणि मग ती त्याची बाजू घेते. उघडे पाडणारे व्हिडिओ एकामागून एक पाठवणे, फोन काढून घेणे, नातेवाईक जमवून समजावणे, हे सगळे उलटते, कारण ‘घरचे तुझा छळ करतील’ असे तिला तिथे आधीच सांगून ठेवलेले असते. आधी तिला तिथे काय मिळते ते विचारा. बहुधा उत्तर येईल की तिथे नावाने हाक मारतात, कोणी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करते, मंगळवारी दुपारी कोणीतरी वाट बघते. ते तुम्ही घरी देऊ लागलात तर निम्मे काम झाले. रात्री पंधरा मिनिटे तिच्याबरोबर एक अध्याय वाचा आणि प्रार्थना करा. स्तोत्र १०५, ३ योहान, २ करिंथ ८ हे क्रमाने येऊ द्या. निष्कर्ष तुम्ही काढू नका. ‘आई, इथे काय म्हटलेय गं?’ एवढेच विचारा. पैशाबाबत तिच्या संमतीनेच सोय करा: दानासाठी महिन्याची रक्कम तिने ठरवावी, यूपीआयची रोजची मर्यादा कमी करावी, दागिने लॉकरमध्ये ठेवावेत, आणि सोनेतारण किंवा कर्ज दोघांनी बोलल्याशिवाय नाही. यात आठवडे जातात, कधी महिने.

पास्टरांशी बोलायचे तर एकटे जाऊ नका. मंडळीतल्या एका-दोघांना बरोबर घ्या, प्रश्न लेखी न्या, आवाज चढवू नका. मंडळीच्या वडिलावरचा आरोप दोन-तीन साक्षीदार असल्याशिवाय ऐकून घेऊ नये असा नियम आहे, आणि पाप सिद्ध झाले तर सर्वांसमोर दोष द्यावा असाही (१ तीमथ्य ५:१९-२०). अर्ध्यावरच थांबू नका. त्यांच्यावर कोणी वडील मंडळ, बिशप किंवा संस्था आहे का ते विचारा आणि तिथे तारीख घालून पत्र द्या. ‘माझ्यावर फक्त देव आहे’ असे उत्तर मिळाले तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही त्यात आले.

कायदा कधी? गोळ्या सोडायला लावणे, चमत्काराचा देखावा करून पैसे उकळणे, धमकावणे, मारहाण, या वेळी. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात चमत्कार दाखवून फसवणूक करण्याला सहा महिने ते सात वर्षे कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे; साध्या प्रार्थनेला आणि उपासनेला तो हात लावत नाही. मधुमेह, रक्तदाब अशा आजारांवर जादुई उपायाची जाहिरात करणे १९५४ च्या केंद्रीय कायद्याने मना आहे, त्यामुळे तशी पत्रके आणि पोस्टचे स्क्रीनशॉट ठेवा. ऑनलाइन पैसे फसवून गेले असतील तर १९३० वर तातडीने फोन करा. तक्रार घडलेल्या कृत्याची करा, शिकवणुकीची नव्हे. आणि राग आला म्हणून बाहेरच्या टोळक्याला त्या सभेवर कधीही बोलावू नका. तिथे तुमच्या आईसारख्याच बायका बसलेल्या असतात, आणि मार त्यांना पडतो.

ती निघायला तयार झाली की कसलीही सही, कबुली किंवा निरोपाचा समारंभ लागत नाही. आधार कार्डाची प्रत, बाप्तिस्म्याचा दाखला, काही कागद दिले असतील तर परत मागा, आणि ग्रुपमधून बाहेर पडा. शापाची भीती बरेच दिवस राहते. नीतिसूत्रे २६:२ तिला वाचून दाखवा, निष्कारण दिलेला शाप भटक्या चिमणीसारखा कुठेच उतरत नाही. ती कॅथोलिक असेल तर जवळच्या धर्मग्रामातल्या फादरांना भेटा. ठाणे आणि नवी मुंबई मुंबई महाधर्मप्रांतात येतात. प्रोटेस्टंट असेल तर मराठी उपासना असलेल्या दोन-तीन मंडळ्यांत तीन-चार रविवार नुसते बसा. दानाची थैली कशी फिरते, उपदेशात वचन किती उघडले जाते, पाळक उपासनेनंतर दाराशी कोणाशी बोलतात, हे बघा. आईला दुखते-खुपते विचारणारी तिच्या वयाची एखादी बाई तिथे भेटली, तर सदस्यत्वाचा अर्ज भरायची घाई करू नका, पण पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच घेऊन जा.